छावणीची यादी आणि लग्नाचं शूटिंग

पहिल्यांदा माऊस हातात आला तेव्हा मी तो उचलून हवेत धरला. तो टेबलावर सरकवायचा असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. सर म्हणाले, "खाली ठेवा त्याला, उडत नाही तो." सगळा वर्ग हसला. वर्ग म्हणजे अकरा जण आणि चार कॉम्प्युटर, त्यातला एक कायम आजारी. मला त्या हसण्याचा लई राग आला. राग लवकर येणं ही आमच्या घराण्याची खोड आहे. पण ज्या कामावरून राग आला ते काम शिकल्याशिवाय गप्प न बसणं ही खोड माझी एकटीची. त्या दिवशी घरी जाईपर्यंत मी मनातल्या मनात माऊस सरकवत होते.

क्लास चौसाळ्याला होता, हायवेला लागून असलेल्या खताच्या दुकानाच्या माडीवर. खाली फवारणीच्या औषधाच्या बाटल्या, वर आम्ही. चपला जिन्यात काढायच्या, कारण धूळ कॉम्प्युटरला चालत नाही, असं सर सांगायचे. दुष्काळाचं वर्ष, फुफाटा गुडघ्याएवढा, आणि खिडकीच्या दोन काचा फुटलेल्या. धूळ चपलांची वाट बघत थोडीच बसणार होती? पण आम्ही इमानेइतबारे चपला काढायचो. माझं गाव तिथून पाच किलोमीटर. जाताना जीप मिळायची, येताना बहुतेक वेळा पायी.

बारावी झाली होती. बीडला कॉलेजात नाव घालायचं होतं, पण दादा म्हणाले, यंदाचं साल जाऊ दे. वडलांना आम्ही दादाच म्हणतो. मी म्हणाले, साल जाऊ द्या, मी कावून जाऊ देऊ? तीन महिन्यांचा कोर्स हाय, तेवढा तरी करू द्या. दोन दिवस मी हेच लावून धरलं. तिसऱ्या दिवशी दादांनी जीपवाल्याला सांगितलं की उद्यापासून ही येईल. झालं, तेवढीच परवानगी.

शिकवायला सर अंबाजोगाईचे होते. भला माणूस, पण बोलायची घाई. इनपुट, प्रोसेस, आउटपुट असं त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि तीन बाण काढले. मी म्हणाले, "सर, हे गिरणीवाल्याला बी ठाऊक असतंय. ज्वारी घातली, चक्की फिरली, पीठ आलं." ते म्हणाले, "बरोबर. आणि ज्वारीत खडे असले तर?" मी म्हणाले, "तर पिठात कचकच." ते म्हणाले, "संपला धडा." मला वाटलं होतं कॉम्प्युटर म्हणजे डोक्यावरून जाणारी गोष्ट. ही तर आपलीच निघाली. त्या दिवशी मी जरा जास्तच शेफारले, हे आज कबूल करते.

टायपिंग मात्र शेफारून येत नाही. मराठी अक्षरं बटणांवर अशी काही विखुरलेली की क कुठं आणि ख कुठं, कुणाला कुणाचा पत्ता नाही. क्लासमध्ये एका खुर्चीवर दोघी, त्यात तासभर लाइट. मी घरी खताची रिकामी गोणी उलटी करून तिच्यावर मार्करनं अख्खा कीबोर्ड काढला. भाकरी झाल्या की अंगणात बसून त्या गोणीवर बोटं आपटायची. आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "ती अभ्यास करायलीय, तिला काही झालेलं न्हाई." शेजारच्या काकू तरी दोन-तीनदा काळजीनं बघून गेल्या.

आता टाकीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या टाकीमुळं झालं. मेमरी शिकवताना सर म्हणाले, "हार्ड डिस्क म्हणजे पाण्याची टाकी समजा. भरली की भरली. मग जागा करावी लागते." बास. ते पुढच्या धड्याकडं गेले. त्यांनी एक सोपी उपमा दिली होती, पण समोर कोण बसलंय हे त्यांनी बघायला पाहिजे होतं. आमच्या गावात तिसऱ्या दिवशी टँकर यायचा. आईचा एक नियम होता. टँकर यायच्या आधी घरातलं एकूण एक भांडं रिकामं आणि राखेनं घासलेलं पाहिजे. तळाला उरलेलं पाणी जनावराला, नाहीतर सारवणाला, पण शिळं पाणी भांड्यात राहता कामा नये. कारण टँकर आल्यावर कुणी थांबत नाही. भांडं अर्धं भरलेलं असलं तर तेवढं नवं पाणी आपलं गेलं. आधी जागा करायची, मग भरायचं. हे माझ्या हाडात मुरलेलं होतं. आणि सरांनी मला सांगितलं, कॉम्प्युटर म्हणजे टाकी.

त्याच महिन्यात आमच्या गावच्या दूध संस्थेनं छावणी घेतली. सहकारी संस्था, पाचसहा गावांचं दूध तिच्याकडं यायचं. पण त्या साली दूधच राहिलं नव्हतं, जनावरं जगवायची वेळ आली होती. कोरड्या पडलेल्या पाझर तलावात दावणी टाकल्या, वर हिरव्या जाळीचं छप्पर, एका कडेला पाण्याचा हौद. माणसं घरदार सोडून जनावरांपाशी राहायला आली. दादाही आमची गाय घेऊन तिथंच होते. तांबडी गाय, कपाळावर पांढरा चांद, आणि गाभण. दोन बैल आधीच मामाच्या गावी पोचवलेले. घरात उरलेलं तेवढं एकच जनावर होतं.

छावणीचा नियम सरळ होता. प्रत्येक जनावराच्या कानात नंबरचा बिल्ला, आणि तो नंबर यादीत. यादीत असेल त्याला चारा, नसेल ते जनावर छावणीच्या बाहेर. बाहेर म्हणजे कुठं, हे कुणी बोलायचं नाही. पण बाहेर चारा नव्हता, पाणी नव्हतं, आणि आठवडी बाजारात जनावरं घेणारे लोक कशासाठी घेत होते हे शाळेतल्या पोरांनाही माहीत होतं.

यंदा बीडच्या हापिसातून हुकूम आला होता की यादी कॉम्प्युटरवर पाहिजे, हातानं लिहिलेली चालणार नाही. संस्थेकडं कॉम्प्युटर होता. चेअरमननी मागं कधीतरी आणलेला, त्याच्यावर मखमली कपडा, कपड्यावर हळदकुंकू. पण चालवणारा कुणी नव्हता. चेअरमननी विचारलं, गावात कुणाला येतंय का? कुणीतरी सांगितलं, ती गोणीवर बोटं आपटणारी पोरगी हाय की. अशी माझी नेमणूक झाली. तेव्हा माझा कोर्स सुरू होऊन उणेपुरे तीन हप्ते झाले होते.

संस्थेचे सेक्रेटरी म्हणजे गावाचे आबा. वय झालेलं, धोतर, टोपी, आणि अक्षर असं की छापलेलं वाटावं. तीस वर्षं संस्थेची सगळी नोंद त्यांच्याच हातची. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा ते जनावरांची नावं मोठ्या वहीत उतरवून घेत होते. मी म्हणाले, "आबा, आता लिहायची गरज न्हाई. ह्याच्यात घातलं की झालं." त्यांनी पेनाचं टोपण लावलं, वही मिटली आणि म्हणाले, "बरं माय. तुमचं राज्य." बस, एवढंच बोलले. त्यात टोमणा होता हे मला कळलं. पण मी मनात म्हणाले, बघाच आता.

लोकांचे अर्ज समोर ठेवून मी चार दिवस यादी घातली. बिल्ल्याचा नंबर, मालकाचं नाव, जनावर कोणतं, रंग आणि खूण. सव्वातीनशे जनावरं. एकेका ओळीला घाम यायचा. चौथ्या दिवशी शेवटची ओळ झाली तेव्हा मी उठून हौदावर जाऊन तोंड धुऊन आले, एवढी खूश होते. मग अर्जांचा गठ्ठा आबांनी बीडला हापिसात जमा केला. पुढं रोजचं काम सोपं होतं. आज मोठी जनावरं किती, लहान किती, एवढं एका पानावर घालायचं आणि पेनड्राइव्ह आबांकडं द्यायचा. ते एसटीनं बीडला नेऊन द्यायचे. पूर्ण यादी मात्र तपासणीच्या दिवशी छापून दाखवायची होती.

सरांना मी हे सगळं ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, "यादी दोन जागी ठेवा. एक कॉम्प्युटरमध्ये, एक पेनड्राइव्हमध्ये." मी हो म्हणाले आणि ठेवली नाही. खरं सांगते, मला ते उधळपट्टीचं वाटलं. एकच वस्तू दोनदा कशाला? आमच्या घरात त्या साली कुठलीच गोष्ट दोन नव्हती.

मग एका शुक्रवारी स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी पट्टी आली. 'लो डिस्क स्पेस' असं काहीतरी. मी शब्द जुळवून अर्थ लावला, जागा कमी आहे. टाकी भरली. आणि सोमवारी तपासणी होती, तोवर दोन दिवसांची पानं घालायची होती. म्हटलं, आता घाबरायचं नाही. भांडी रिकामी करायची.

आत काय काय आहे ते बघितलं. एका कप्प्यात चेअरमनच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग होतं. हळद, सीमांतपूजन, वरात, जेवणावळी, सगळं वेगवेगळं. त्याला हात लावायची माझी काय टाप होती? चेअरमनच्या घरचं लग्न पुसलं असतं तर मला गावात तोंड दाखवता आलं नसतं. आणि मी असाही विचार केला की लग्न किती दिवसाचं? एका दिवसाचं. माझी यादी किती दिवसांची? चार दिवसांची. म्हणजे जास्त जागा कुणी घेतली असणार? मीच. मग आपलंच आपण आवरावं. सगळ्यात जुनं ते आधी काढायचं, शिळं पाणी पहिलं. मी नावं न वाचता माझ्या पानांवरच्या नुसत्या तारखा बघत बघत जुनी पानं पुसली. दहाबारा पुसली. वर कचऱ्याची टोपली असते, पुसलेलं तिच्यात जाऊन बसतं, हे शिकलेले होते. आई घरात केर ठेवू देत नाही. मी टोपलीही रिकामी केली. पिवळी पट्टी काही गेली नाही, पण आपण काम केलं असं मला वाटलं आणि मी घरी गेले.

सगळ्यात जुनी तारीख कशाची होती हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. माझ्या आलं नाही. पहिल्या चार दिवसांत मी यादीच घातली होती. त्यामुळं सगळ्यात जुनी तीच होती.

शनिवारी सकाळी दहाला यादी छापायला म्हणून बसले आणि यादी सापडेना. सगळे कप्पे उघडले. परत उघडले. लग्न होतं, वरात होती, यादी नव्हती. आबा समोर बसून सुपारी कातरत होते. मी त्यांच्याकडं न बघता बाहेर आले आणि सरांना फोन लावला. ते अंबाजोगाईला घरी गेले होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "रिसायकल बिनमध्ये बघितलं?" मी म्हणाले, "ते तर मी झाडून काढलं." ते म्हणाले, "मॅडम, तुमची ती अख्खी यादी किती जागा घेते ठाऊक आहे? त्या लग्नातल्या एका घासाएवढी पण नाही. शूटिंग मोठं असतं, अक्षरं लहान असतात. माणसाला किती कष्ट पडले ते कॉम्प्युटर मोजत नाही." मी म्हणाले, "परत आणता येईल का?" ते म्हणाले, "कदाचित. मी सोमवारी संध्याकाळी येऊन बघतो. तोवर मशीनवर नवीन काही जास्त घालू नका." तपासणी सोमवारी सकाळी अकराला होती.

रस्त्याकडेला उभी राहून मी रडले. लपवत नाही. माझं हसं होईल म्हणून नाही. समोर तलावात दावणी दिसत होत्या, आणि त्यातल्या एकाही जनावराचं नाव आता कुठंच लिहिलेलं नव्हतं, ह्याची मला भीती वाटली. अर्ज मागावेत तर ते हापिसात. ज्या साहेबांकडं अर्ज, तेच साहेब तपासायला येणार. मग डोळे पुसले आणि राग आला. ह्या वेळी स्वतःचा. राग आला ते बरं झालं, कारण पाय हलले.

आत जाऊन मी आबांना सगळं सांगितलं. टाकी, लग्न, टोपली, काही ठेवलं नाही. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि विचारलं, "जनावरं हायेत ना जागेवर?" मी म्हणाले, "हायेत." "बिल्ले हायेत कानात?" "हायेत." "मग काय पुसलंस तू? कागद पुसलास. चल, ऊठ." मी म्हणाले, मी एकटी करते. ते म्हणाले, "तू कर. मी बी लिहितो. तुझ्या त्या डब्यावर मव्हा भरोसा न्हाई." आणि त्यांनी ती मिटलेली मोठी वही काढली. मला ते लागलं, पण मी माझी वही घेऊन निघाले.

शनिवारी दुपारी आम्ही पहिल्या दावणीपासून सुरुवात केली. मी पुढं, आबा मागं. मी जनावराचा कान धरून नंबर वाचायचा, मालकाला विचारायचं, माझ्या वहीत लिहायचं. आबा त्यांच्या वहीत. पहिली वीस-पंचवीस जनावरं झाली आणि माझ्या लक्षात आलं की चार दिवस मी ह्यांची यादी घातली, पण ह्यातलं एक जनावर बघितलं नव्हतं. मी अर्ज बघितले होते. अर्जात 'म्हैस, काळी' असं होतं, इथं त्या म्हशीचं एक शिंग मोडलेलं होतं. अर्जात ज्याच्या नावावर बैल होता त्यानं तो कधीच भावाला दिला होता. एक कालवड मागच्या हप्त्यात मेली होती, तिचा बिल्ला मालकानं खुंटीला टांगून ठेवला होता. माझ्या जुन्या यादीत ती जिवंत होती आणि रोज चारा खात होती. म्हणजे ती यादी सापडली असती तरी साहेबांनी मला तिथंच धरलं असतं. ज्वारीत खडे मीच घातले होते. हे कळल्यावर मला बरंही वाटलं आणि लाजही वाटली.

लोक कटकट करत होते. "परत कावून विचारायलीस? मागं सांगितलं की." मी प्रत्येकाला खरं सांगितलं, माझ्या हातून पुसलं. कुणी हसलं, कुणी चिडलं. एक म्हातारे म्हणाले, "पाच किलोमीटर जाऊन हेच शिकलीस का बे?" मला बे म्हणाले, म्हणजे किती चिडले असतील बघा. मी म्हणाले, "हां. बिल्ला किती नंबर?" सूर्य खाली जाईपर्यंत अर्ध्याच्या वर झालं. आबांना बसायला सांगितलं तर म्हणाले, तू बस.

रविवारी उजाडताच परत सुरू केलं. आमच्या दावणीपाशी आले तेव्हा दादा कडबा तोडत होते. मी गाईच्या कानाला हात घातला तर ते म्हणाले, "आपली शेवटी लिही. सगळ्यांची होऊ दे. न्हाईतर उद्या कुणी म्हणायला नको की हिनं घोळ घातला आणि आपलीच आधी लावून घेतली." मी म्हणाले, आता समोर हाय, लिहून टाकते. "शेवटी," दादा म्हणाले. त्यांचा शेवटी म्हणजे शेवटी. मी पुढं गेले. खरं तर त्यांचं बोलणं मला पटलं होतं आणि त्यांचा अभिमानही वाटला होता.

बाराला लाइट येणार होती आणि पाचला जाणार होती. बाराला पाच कमी असताना शेवटची दावण संपली. आमची गाय तेव्हा जागेवर नव्हती, दादा तिला हौदावर घेऊन गेले होते. संस्थेच्या खोलीवर बल्ब लागलेला दिसला आणि मी वही छातीशी धरून पळत सुटले. आबा मागं तलावातच राहिले.

त्या दिवशी माझी बोटं कशी चालली ते माझं मला माहीत. पहिल्या वेळी जे चार दिवस लागले होते ते गोणीनं वसूल करून दिलं. खाली बघावं लागत नव्हतं. दर पाच ओळींनी सेव्ह करत होते, आणि दर पंचवीस ओळींनी पेनड्राइव्हमध्ये दुसरी प्रत. साडेचारला एकदा लाइट गेली आणि दहा मिनिटांनी आली. फक्त दोन ओळी गेल्या होत्या. मी त्या परत घातल्या. सोमवारी सकाळी लाइट आली तशी उरलेली पन्नासेक जनावरं घातली, कागद प्रिंटरला लावले आणि साडेदहाला गरम गरम यादी माझ्या हातात होती. दोन रात्री झोप नव्हती, पण मला काही वाटत नव्हतं. मी जिंकले होते.

साहेब अकराला आले. सोबत एक क्लार्क. साहेब दावणीतून चालत, नंबर वाचत, क्लार्क यादीवर टिक करत. मी मागं, आबा माझ्या मागं, काखेत वही. पहिली दावण जुळली. दुसरी जुळली. मोडक्या शिंगाची म्हैस जुळली. मेलेल्या कालवडीचा बिल्ला आबांनी खुंटीवरून काढून साहेबांच्या हातात दिला, तेव्हा साहेबांनी मान हलवली. जीव भांड्यात पडत चालला होता. मग आमच्या दावणीपाशी आलो. साहेबांनी गाईचा कान बघितला, नंबर वाचला. क्लार्कनं यादी वर बघितली, खाली बघितली, पान उलटलं. म्हणाला, "हा नंबर नाही साहेब."

मला तेव्हा कळलं. शेवटी लिहायची म्हणून ठेवली होती, आणि शेवट मी पळत संपवला होता.

साहेब म्हणाले, "यादीत नाही म्हणजे छावणीत धरता येत नाही. कुणाची गाय?" दादा पुढं आले, म्हणाले, "माझी हाय." एवढंच बोलून खाली बसले आणि खुंट्याला बांधलेलं दावं सोडायला लागले. गाभण गाय, सातवा महिना. गाठ ओढून घट्ट झालेली होती, ती त्यांच्या बोटांना सुटत नव्हती. मी साहेबांना म्हणाले, "चूक माझी हाय. लिहायची राहिली. गाय पहिल्या दिवसापासून इथंच हाय." साहेब म्हणाले, "असं प्रत्येक जण म्हणेल बाई. लेखी काय आहे?"

"साहेब, जरा सबर करा," मागून आबा म्हणाले. त्यांनी काखेतली वही काढली, बोट थुंकीला लावून शेवटचं पान उघडलं आणि साहेबांपुढं धरलं. काल मी पळत सुटल्यावर ते तलावातच थांबले होते. गाय हौदावरून परत येईपर्यंत उन्हात उभे राहिले होते, आणि ती आल्यावर त्यांनी ती ओळ लिहिली होती. मला सांगितलं नव्हतं, कारण घरचीच गाय, मी आठवणीनं घातलीच असेल असं त्यांना वाटलं होतं. साहेबांनी मोठ्यानं वाचलं. नंबर. तांबडी गाय, कपाळी चांद, गाभण. मालकाच्या रकान्यात दादांचं नाव. वर कालची तारीख, प्रत्येक पानाला संस्थेचा शिक्का. मग साहेब शेऱ्याच्या रकान्याशी थांबले. सव्वातीनशे ओळींत आबांनी शेरा कुठंच लिहिला नव्हता, फक्त ह्या ओळीत लिहिला होता. साहेबांनी तो आधी मनात वाचला आणि मग मोठ्यानं वाचला.

"यादी करणारीची गाय, म्हणून शेवटी."

साहेबांनी विचारलं, यादी करणारी कोण? सगळे माझ्याकडं बघायला लागले. साहेबांनी वहीच्या त्या पानावर सही केली आणि क्लार्कला म्हणाले, छापील यादीत ही ओळ घालून घ्या.

मी खोलीत गेले. ओळ घातली, सेव्ह केली, पेनड्राइव्ह लावला, दुसरी प्रत ठेवली. एक अक्षर चुकलं नाही. आबा दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "दोन जागी ठेवलंस?"

"तीन जागी हाय आबा," मी म्हणाले. "तुमची वही धरून."

खिडकीतून तलाव दिसत होता. दादा खुंट्यापाशी बसून दाव्याला परत गाठ मारत होते.